साडेतीन वर्षांचं प्रजासत्ताक आणि देवधरकाका

मंगळवारी सकाळी मालतीकाकूंचा फोन आला. "काका गेले गं," एवढंच त्या बोलल्या. आज त्याला पाच आठवडे झाले. शांतपणे काही लिहावं म्हणून बसले आहे, पण शांत बसणं काकांना कधी जमलं नाही, आणि त्यांच्याबद्दल लिहिताना मलाही जमत नाहीये...

विनायक देवधर कापड गिरणीतले इंजिनिअर. तरुणपणी नोकरीसाठी दमास्कसला गेले, पुढे अमेरिकेत येऊन सिअॅटलजवळच्या बेलव्ह्यूला स्थायिक झाले. दमास्कसमध्ये त्यांनी एक देश जन्मताना आणि मोडताना पाहिला. १९५८ साली सीरिया आणि इजिप्तने मिळून संयुक्त अरब प्रजासत्ताक स्थापन केलं, आणि १९६१च्या सप्टेंबरात ते फुटलंसुद्धा. रिटायर झाल्यावर काकांनी त्यावर पुस्तक लिहायचं मनावर घेतलं. मी सिअॅटलला इतिहासात पीएचडी करत होते, म्हणून दर शनिवारी टायपिंगला जायची. काका खोलीत येरझाऱ्या घालत सांगायचे. इजिप्तचे अध्यक्ष आले तेव्हा गिरणीतले कामगार रस्त्यावर कसे नाचले, मग राजकीय पक्ष कसे बरखास्त झाले, कैरोहून आलेले अधिकारी वरच्या जागांवर कसे बसले. १९५९ आलं, कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली, की मात्र चहा गार झाला म्हणून ते खाली निघून जायचे. परत यायचे ते थेट १९६१च्या फुटीवर. एकदा मी वैतागून विचारलं, मधलं प्रकरण कुठंय?

तेव्हा त्यांनी नबीलबद्दल सांगितलं. नबील गिरणीत सूतकताईवर होता. काकांना खोली त्याने मिळवून दिली, अरबीही त्यानेच शिकवलं. एक दिवस साध्या वेशातली दोन माणसं गिरणीत आली आणि नबीलकडे कोण येतं असं काकांना विचारलं. गुरुवारी चार मित्र जमतात, असं काका बोलून गेले. त्यात काही वावगं आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्याच आठवड्यात नबीलला उचललं. प्रजासत्ताक फुटल्यावर तो सुटला, आणि सरळ गिरणीत येऊन त्याने काकांना मिठी मारली. आपण काय बोलून गेलो ते काकांनी त्याला सांगितलं नाही. महिन्याभरात त्यांनी दमास्कस सोडलं.

नबील मिशिगनला असतो, हे मला विद्यापीठातल्या एका सीरियन मित्राकडून कळलं. नंबर दिल्यावर तीन शनिवार काका फोनपर्यंत जाऊन परत आले. चौथ्या शनिवारी लावला. मी बाहेर निघाले, तर हातानेच थांब म्हणाले. अरबीत अडखळले, मग इंग्रजीवर आले. फोन ठेवून खिडकीशी गेले.

"त्याला माहीत होतं," ते म्हणाले. "माझं वाक्य त्याला तुरुंगात वाचून दाखवलं होतं. आणि मग... त्यानेही दोन नावं दिली. ती माणसं परत आली नाहीत."

आता काकांचा जीव जरा हलका होईल, असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. काकू सांगायच्या, जेवता जेवता पानावरून उठतात. प्रकरण मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून काढलं. आपण काय बोललो ते स्वतःच्या नावासकट लिहिलं. नबीलबद्दल फक्त 'तो तुरुंगात गेला' एवढंच. त्यानंतर महिनाभरातच त्यांना हार्ट अटॅक आला.

तेराव्यानंतर नबीलचा फोन आला. काकूंनी त्यांना पत्राने कळवलं होतं. फोन मी उचलला. पुस्तकात माझ्याबद्दल काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी ते एक वाक्य इंग्रजीत करून सांगितलं.

"आणि ती दोन नावं?"

नाहीत, मी म्हटलं. ती सांगायचा हक्क तुमचा, असं काकांना वाटलं असावं.

 

"त्या दोघांबद्दल आजवर कुठे एक ओळ छापून आलेली नाही," ते म्हणाले. "लिहून घे."

त्यांनी एकेक अक्षर सांगत दोन्ही नावं दिली, मग माझ्याकडून वाचून घेतली. एका जागी माझी चूक झाली होती, ती सुधारली. मी पेन ठेवणार, तेवढ्यात म्हणाले, "थांब. ही नावं तुरुंगात कोणी दिली, तेही लिही. खाली माझं नाव. पूर्ण."