मागच्या सीटवरची आत्या

माझ्या आत्याला मोटारसायकल चालवता येत नव्हती, पण मोटारसायकलीतलं तिच्याइतकं कळणारा माणूस मी जालना जिल्ह्यात पाहिला नाही. तिची सगळी विद्या मागच्या सीटवरची. भोकरदन तालुक्यात ती तीस वर्षं नर्स होती. सरकारी गाडी तिच्या वाट्याला कधी आली नाही, त्यामुळे लसीचा डबा घेऊन ती मिळेल त्याच्या गाडीवर बसायची. ग्रामसेवक, दूधवाला, गुरुजी, कुणाचा तरी पाहुणा, तिला सगळे चालायचे. उतरल्यावर आभार मानायची आणि लगेच गाडीचा निकाल द्यायची. "गुरुजी, मागचं शॉकअप गेलंय तुमचं. मणक्यावर मणका आदळून राह्यला माझा." गुरुजी बिचारे ओशाळे व्हायचे, पण पुढच्या फेरीपर्यंत शॉकअप बदललेलं असायचं.

ती दोन्हीकडे पाय टाकून बसायची, पांढरी साडी सावरून, डबा मांडीवर घट्ट धरून. त्या काळात आमच्याकडच्या बायका नवऱ्याच्या मागेसुद्धा एका बाजूला पाय सोडून बसत. पिंपळगाव रेणुकाईला एका म्हाताऱ्यानं तिला एकदा भर रस्त्यात हटकलं, "सिस्टर, बाईमाणसानं असं बसू न्हाई." आत्यानं गाडी थांबवायला लावली आणि बसल्या बसल्याच म्हणाली, "एका बाजूनं बसले तं डबा पडतो, बाबा. तुमच्या नातवाची लस हाय यात. मंग मातीतून उचलून टोचू का त्याला?" दुपारी लस टोचायला सगळ्यात आधी तोच म्हातारा नातवाला घेऊन आला, असं आत्या सांगायची. खरंखोटं तिलाच ठाऊक, पण प्रत्येक वेळी सांगताना तो म्हातारा थोडा अधिक रागीट व्हायचा.

तिची पाठ कायम ताठ. एसटीत, जमिनीवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. घरातला जुना इतिहास ती कधी रडून सांगायची नाही, मेथी निवडता निवडता सांगायची. "माझा आजा उभ्या जन्मात सरळ उभा राह्यला न्हाई. पाटलाच्या दारावरून जाताना चप्पल हातात आन् मान खाली. माझ्या बापानं धर्म बदलला आन् दुसऱ्या दिवशी त्याच दारावरून चप्पल घालून, ताठ गेला. लई मार खाल्ला. पण वाकला न्हाई." एवढं झालं की मोबाइलमध्ये मान घालून बसलेल्या माझ्याकडे बघून म्हणायची, "आता तू तरी नीट बस."

केदारखेड्याच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा आत्या निवृत्त होऊन जालन्यात मस्तगडला आमच्याच घरी राहायला आली होती. दोन वर्षं मी एसटी आणि काळीपिवळीतून कोंबून घेत गेले. मग गाडी घ्यायची ठरली. दादा म्हणाला, "स्कूटी घे, लेडीजला तीच बराबर हाय." झालं, मी पेटले. मोटारसायकलच घेणार, आणि तीही साधीसुधी नाही, शर्यतीतली. खाली झुकलेलं हँडल, वळूच्या वशिंडासारखी टाकी आणि मागची सीट पार आभाळात. शाळेत आमचे गणिताचे सर हसून म्हणाले, "मॅडम, स्टँडवरून तरी उतरंल का ती तुमच्यानं?" सगळी स्टाफरूम खिदळली. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "दसरा झाला की त्याच गाडीवर येते, बघाच तुम्ही." आता माघार घेणं म्हणजे जन्मभराची टिंगल ओढवून घेणं होतं.

आमच्या घरात कुठलीही गाडी आत्या मागे बसल्याशिवाय घेतली जात नसे. सायकलीपासूनचा नियम. म्हणून शोरूममध्ये दादा, मी आणि आत्या असे तिघं गेलो. आत्या त्या गाडीभोवती एकदा फिरली आणि तिनं मागची सीट बोटानं दाबून पाहिली. विक्रेता पोरगा अदबीनं म्हणाला, "काकू, या गाडीला मागची सीट नावालाच असते."

"म्हणजे?"

"म्हणजे दाखवायला."

"दाखवायला म्हणून कुठं बसायची सवय न्हाई मला," आत्या म्हणाली, प्लास्टिकच्या स्टुलावर चढली आणि बसली.

मोतीबागेपर्यंत जाऊन आलो. गाडी पळत होती, खोटं कशाला बोलू. पण माझी मनगटं भरून आली, मान आखडली, आणि प्रत्येक गतिरोधकाला आत्या घसरून माझ्या पाठीवर येत होती. परत आल्यावर ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

"समोरचं काय दिसत होतं गं तुला?" तिनं विचारलं.

"रस्ता."

"आन् माणसं?"

मी आखडलेली मान चोळायला लागले.

"कोणासाठी घेऊन राह्यली तू ही? त्या गणिताच्या मास्तरसाठी?"

"शब्द दिलाय आत्या मी. आता न्हाई घेतली तं हसतील सगळे."

"हसू दे. माझ्या बापानं वाकायचं सोडलं म्हणून मार खाल्ला, आन् तू पैसे देऊन वाकायला चालली? बिलकुल न्हाई."

विक्रेत्या पोरानं उगाच एक आरसा पुसायला घेतला. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हणाले, "कशाचा संबंध कशाला जोडून राह्यली तू? या गाडीवर वाऱ्यासाठी वाकतात, माणसापुढं न्हाई."

आत्यानं हे मनापासून ऐकून घेतलं. मुद्दा तिला पटलाही असावा. पण हरणं तिच्या स्वभावात नव्हतं. "वाऱ्यासाठी वाक की," ती म्हणाली, "पण केदारखेड्याच्या रस्त्यानं कोणता वारा लागतो तुला? खड्डे लागतात." दादा फस्सकन हसला, आणि नाइलाजानं मीही.

कोपऱ्यात एक साधी मोटारसायकल उभी होती. रुंद हँडल, लांब सपाट सीट, दिसायला अगदीच घरगुती. तीही मोतीबागेपर्यंत नेली. कोपर सैल, पाय जागच्या जागी, मान वर. रसवंतीवाला दिसला, शाळेतून सुटलेल्या पोरी दिसल्या, माझ्याकडे वळून पाहणारी एक बाईसुद्धा दिसली. मागून आत्याचं वजन जाणवतच नव्हतं. हीच गाडी आपली, हे मला तिथेच कळलं होतं. कबूल करायला दोन दिवस लावले, कारण मीही तिचीच भाची.

दसऱ्यानंतर शाळा उघडली त्या दिवशी त्या साध्या गाडीवरच निघाले. रस्ताभर बहाणे जुळवत गेले. रंग मिळाला नाही म्हणू, का नंबर लागला नाही म्हणू? गणिताचे सर फाटकातच भेटले. "अहो मॅडम, ही तं दूधवाल्याची गाडी झाली! ती रेसवाली कुठंय?"

"चालवून पाह्यली," मी म्हणाले. "न्हाई आवडली. मला रोज वाकून यायचं न्हाई."

ते पोट धरून हसले. आठवडाभर हसले. मी गाडी रोज फाटकासमोर, सगळ्यांना दिसेल अशीच लावत राहिले. पुढे ते हसायचे थांबले की मी ऐकायची थांबले, आठवत नाही.

रविवारी आत्या आणि मी तिच्या जुन्या गावांना जायचो. ती मला कधी धरायची नाही, हात स्वतःच्या गुडघ्यांवर. जास्त पळवली तर उजव्या खांद्यावर एक टिचकी. गावात शिरलो की बायका ओट्यावर यायच्या, "सिस्टर आल्या, सिस्टर आल्या." तिनं टोचलेली पोरं आता मिशा ठेवून फिरत होती. आत्या त्यांना उभं करून विचारायची, "तुझ्या लेकराचे डोस झाले का रे? खोटं बोलू नको, मी कार्ड बघीन." मिशावाले धावत कार्ड आणायला जायचे.

गेल्या वर्षी तिच्या हृदयानं दगा दिला. आठ दिवस दवाखाना झाला आणि घरी सोडलं. दादानं मोटार मागवली. आत्या कॉटवर उठून बसली आणि म्हणाली, "पोरीची गाडी हाय ना खाली? मी तिच्यावर येते." डॉक्टर नाही म्हणाले, दादा नाही म्हणाला, वहिनी नाही म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. किल्ली माझ्या मुठीत होती. दवाखाना ते मस्तगड, दहा मिनिटांचा रस्ता.

"आत्या, डॉक्टर नको म्हणून राह्यले. ऐक ना," मी म्हणाले.

"तू बी त्यांच्यातलीच झाली का गं?" ती रागावली नव्हती. नुसतं विचारत होती.

तिला मोटारीत निजवून नेलं. मी मागून एकटी गेले. तीन आठवड्यांत ती गेली. डॉक्टरांचं बरोबर होतं, मला कळतं. आज तीच वेळ आली तर मी पुन्हा नाहीच म्हणेन. तरी ती दहा मिनिटं मला कुणी परत देणार नाही, आणि तिला तेवढंच हवं होतं.

अंत्ययात्रेची तयारी पुरुषमंडळींनी केली. नात्यातले एक आजोबा मला म्हणाले, "पोरी, तू बायांसंगं घरीच थांब. लईच वाटलं तं मागून रिक्षानं ये."

"मी मागून येणार न्हाई," मी म्हणाले आणि गाडी बाहेर काढली. आजोबा दादाकडे बघत राहिले. दादानं मान खाली घातली, मग हातानंच रस्ता मोकळा करून दिला. शववाहिकेच्या पुढे मी गाडी लावली. निघताना दादा माझ्या मागे बसायला आला.

"आज इथं कोणी बसायचं न्हाई, दादा," मी म्हणाले आणि पहिला गिअर टाकला.