आईचं राहिलेलं पुस्तक

आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा आणि माझा दोघांचाही वेळ वाचेल... मी या असल्या गोष्टी मानत नाही. या सदरातले अनुभव मी वाचायचो ते निव्वळ खिल्ली उडवायला. अमावास्या, चिंचेचं झाड, पांढरी साडी — एकेक बायकोला वाचून दाखवायचं आणि हसायचं, हा माझा रविवारचा ठरलेला कार्यक्रम. पोटापाण्यासाठी मी अमरावतीला एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. मुलं कधी विचारतात, "सर, भूत असते का?" मी म्हणतो, आधी त्याचं वजन सांग, मग बोलू. आता मीच लिहायला बसलोय, तेव्हा हसायची पाळी तुमची.

आमचं मूळ गाव हिवरखेड, तालुका तेल्हारा. घरची भाजीपाल्याची शेती आहे — वांगी, मेथी, सांबार, कडेनं थोडा झेंडू. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्या वाचकांना दरवेळी सांगावं लागतं. वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली. शेत धाकटा भाऊ पाहतो आणि आई त्याच्याकडेच असायची.

तिच्या स्वयंपाकघरात गॅसच्या उजव्या बाजूला एक फळी होती आणि फळीवर चार पुस्तकं. पंचांग, पोथी, घरगुती औषधांचं पुस्तक आणि एक जाडजूड कादंबरी. उभ्या जागेवरून हात लांबवला की हाती यावीत, इतकी जवळ. माझ्या अमरावतीच्या घरात काचेच्या कपाटात दोनशेवर पुस्तकं आहेत, त्यातली किती उघडली ते विचारू नका. आईची चारच, पण चारही वापरातली. जुनं कॅलेंडर उतरलं की त्याची पानं उलटी करून ती चारही पुस्तकांना कव्हरं घालायची. बाहेरून सगळी सारखीच पांढरी, नाव एकावरही नाही. मी चिडवायचो, की एखाद्या दिवशी कावीळ झालेल्याला तू पंचांग वाचून औषध देशील. ती म्हणायची, "माह्या हाताले समजते कोनतं कुठी आहे ते."

आई चौथीपर्यंत शिकलेली. तीही चौथी तिच्या वेळची, अर्धी शाळेत आणि अर्धी वावरात. वाचायची ती एकेका अक्षराखाली बोट ठेवून, ओठ हलवत. ती कादंबरी तिनं आठवडी बाजारात पुड्या बांधायच्या रद्दीतून उचलली होती. पहिली पानं फाटलेली, त्यामुळे पुस्तकाचं नाव काय, लिहिलं कुणी, काही पत्ता नाही. गोष्ट अशी, की दुष्काळात एका घरानं धाकटी मुलगी लांबच्या कुणाला तरी देऊन टाकलेली असते आणि थोरली बहीण मोठी झाल्यावर तिला शोधत निघते. आईनं आयुष्यात एकही पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. पोथीचाही रोजचा ठरलेला अध्याय तेवढा. हे एक आपण आरपार वाचायचंच, असं तिनं ठरवलं होतं. भाजी शिजतेय तोवर अर्धं पान, कुकरच्या तीन शिट्ट्यांत अर्धं पान. दोन वर्षं चाललं होतं हे.

मी एकदा म्हटलं, शेवटचं पान बघ ना, भेटली का नाही ते समजून जाईल. तर मलाच ऐकावं लागलं. "पेरलं का लगेच तोडलं, असं होते का कधी? मंग मधातलं कोन वाचीन?"

फोडणी टाकता टाकता पान उलटायचं, म्हणून प्रत्येक उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात हळदीच्या अंगठ्याचा डाग. आणि त्या डागात मधोमध एक आडवी कोरी रेघ. सांबार कापताना फार पूर्वी तिच्या अंगठ्याला विळा लागला होता, त्याची ती खूण. ही रेघ लक्षात ठेवा.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर आई आजारी पडली. भावानं अकोल्याला दवाखान्यात ॲडमिट केलं. माझी बहीण सुनीता तिथं जठारपेठेत राहते, ती दिवसभर आईजवळ. मी अमरावतीहून एका रविवारी गेलो. आईनं गावाहून ती कादंबरी मागवून घेतली होती, उशाशी ठेवली होती, पण हाताला सलाइन, धरता येईना. मला म्हणाली, थोडं वाचून दाखव. मी तासभर होतो तिथं. त्या तासभरात मी मोबाइलवर मुलांचे डाउट सोडवत होतो... परीक्षा जवळ आली होती. मी म्हटलं, पुढच्या रविवारी येतो आणि सगळंच वाचून दाखवतो. निघताना तिनं विचारलं, "राजू, तिले तिची बहीन भेटली का रे?"

मी म्हटलं, वाचून सांगतो.

गुरुवारी दुपारी आई गेली. मी तेव्हा फळ्यावर गणित सोडवत होतो. दुसऱ्या कुणाला दोष द्यायला जागा नाही. डॉक्टरांनी, बहिणीनं, भावानं, सगळ्यांनी आपापलं केलं होतं. माझ्याकडे एक काम होतं आणि ते मी पुढच्या रविवारवर ढकललं. याची लाज मला आजही वाटते.

तेराव्याच्या दिवशी एक घोळ झाला. पोथी वाचायला म्हणून आमच्या मोठ्या बाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं, फळीवरून एक पुस्तक उचललं. आत काडेपेटीची काडी खूण म्हणून ठेवली होती, तिथं उघडलं, डोक्याला लावलं आणि चष्मा न लावताच खणखणीत आवाजात सुरू केलं... टांगेवाला आणि ती बाई भाड्यावरून भांडतात, असं काहीतरी. चारेक ओळी झाल्या तरी त्यांना पत्ता नाही आणि बाया हात जोडून बसलेल्या. दवाखान्यातून परत आलेली कादंबरी कुणीतरी पुन्हा फळीवर ठेवली होती. त्या दिवशीही लोक हसले. मी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं आणि तिथंच, सगळ्यांसमोर, चाळलं. डाग होते पान १३१ पर्यंत. पुस्तक १८३ पानांचं. पुढची सगळी पानं डागाविना कोरी. "राजूच्या मायचं एवढं राहूनच गेलं," असं मोठे बाबाही म्हणाले. हे मुद्दाम सांगतोय, कारण ते पाहणारा मी एकटा नव्हतो.

ती चारही पुस्तकं मी अमरावतीला आणली आणि माझ्या काचेच्या कपाटात ठेवली. बायकोला, वैशालीला, ते पटलं नाही. आईची पुस्तकं स्वयंपाकघरातच असायची म्हणून तिनं ती काढून आमच्या गॅसजवळच्या कट्ट्यावर लावली. घरात आम्ही दोघंच. मुलगी शिकायला पुण्याला असते.

उन्हाळा लागता लागता, चहा होईपर्यंत काय करायचं म्हणून मी ती कादंबरी उचलली. काडी १३७ वर होती. आणि १३३, १३५, १३७ — तिन्ही पानांच्या कोपऱ्यात डाग. जुने डाग एव्हाना तपकिरी पडलेले आणि हे पिवळेधमक.

साहजिकच मी बायकोवर संशय घेतला. म्हटलं वाचत असशील, निदान हात तरी धुऊन वाच. तिनं कणकेचा हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी एम.ए. मराठी आहे. मले हे पुस्तक वाचाले दोन दिवस पुरतात." मग तिनं दोन्ही अंगठे माझ्यापुढे धरले. रेघ नव्हती. नव्या तिन्ही डागांत मात्र होती.

आता माझ्यातला मास्तर जागा झाला. मी एका डागाच्या कडेला साबणाच्या पाण्यात बुडवलेली कापसाची काडी टेकवली. लाल झालं, म्हणजे हळदच. पट्टी लावून जुन्या डागातली रेघ आणि नव्या डागातली रेघ मोजली, लांबी आणि तिरपेपणा सारखाच. उरलेल्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. पुस्तक पंधरा दिवस कपाटात कुलूप लावून ठेवलं — काही नाही. परत कट्ट्यावर ठेवलं — तिसऱ्या दिवशी डाग. मे महिन्यात सुनीताच्या मुलीचं लग्न होतं, आम्ही दोघं चार दिवस अकोल्याला. घराला कुलूप, चाव्या दोन्ही माझ्या खिशात, मसाल्याचा डबासुद्धा सोबत नेला. लग्नात लोकांनी विचारलं, सर, हा डबा कशाले? काय सांगणार? परत आलो तर आणखी एक डाग. हाताच्या अंतरावर असलं की पुस्तक पुढं सरकत होतं, दूर ठेवलं की थांबत होतं.

तुम्हाला वाटेल मी घाबरलो असेन. खरं सांगू? मला बरं वाटायला लागलं. क्लासवरून आलो की बूट काढायच्या आधी मी कट्ट्याकडे जायचो. आज १५३... आज १६१... म्हणजे आता ती बाई टेकडीवरच्या गावात पोचली असेल. वैशालीही भाजी टाकली की जरा बाजूला सरकून उभी राहायची.

पोळ्याच्या सुमारास डाग १७९ वर आला. उरली शेवटची चार पानं. आणि मग मला भीती वाटली. पहिल्यांदा वाटली ती तेव्हा. भुताची नाही — पुस्तक संपेल याची. मी ते उचललं आणि कपाटात, माझ्या जाड पुस्तकांच्या मागे, कुलूप लावून ठेवलं. एक महिना.

मग एका रविवारी, जेवणं झाल्यावर, वैशाली ताट उचलता उचलता म्हणाली, "तुमी आईच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं. चार पानं राहिली त्याईची."

मी म्हटलं, संपलं की जाईल ती.

तिनं ताट मोरीत ठेवलं. मग म्हणाली, "मंग तुमीच वाचून दाखवा ना. तुमीच म्हटलं होतं."

मी कुलूप काढलं. भर दुपार होती. गॅसवर संध्याकाळसाठी कढी ठेवली होती, ती मंद केली. खुर्ची ओढून कट्ट्याला लागून बसलो आणि वाचायला लागलो. आधी क्लासमध्ये बोलतो तसं, भराभर. अर्ध्या पानात लक्षात आलं की या वेगानं आईला समजणार नाही. मग पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. बोट ठेवून. एकेक शब्द. वैशाली दाराला टेकून उभी होती.

भेटते तिला बहीण. एका लहानशा गावात, बांगड्यांच्या दुकानात बसलेली. दोघीही म्हाताऱ्या झालेल्या. धाकटी मान वर करते, बराच वेळ पाहते आणि म्हणते, "किती उशीर केलास गं."

त्या ओळीवर मी रडलो. नीट, मोठ्यानं रडलो, दवाखान्यातही रडलो नव्हतो तेवढा. मग तोंड पुसून उरलेलं वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि म्हटलं, "भेटली आई. तिले बहीन भेटली."

काहीही झालं नाही. पंखा फिरत होता, कढीला उकळी आली होती. वैशालीनं गॅस बंद केला.

पुस्तक त्या दिवसापासून कट्ट्यावरच आहे, मसाल्याच्या डब्याला लागून. याला आता वर्ष होत आलं. मी रोज पाहतो. दमटपणा म्हणा, बायकोची चेष्टा म्हणा, माझंच डोकं फिरलं होतं म्हणा — यातलं सगळं मी स्वतःलाच म्हणून पाहिलंय. कुणी घरी आलं तर चोवीस नवे डाग दाखवू शकतो, रेघेसकट.

पण मला स्वतःला ज्यानं पटलं ते दाखवण्यासारखं नाही. शेवटची चार पानं अजून कोरीच आहेत. ज्याला वाचून दाखवतात, त्याला पान उलटावं लागत नाही.