बिननक्षीचे दगड

सेलू तालुक्यातील आमच्या गावाबाहेरच्या शिवमंदिराच्या फार पूर्वी कोसळलेल्या छतासाठी मी संबंधित कार्यालयांना किती अर्ज केले, ते सांगून वाचकांना शिणवत नाही. उत्तर एकच येई : हे मंदिर संरक्षित यादीत नाही. जे कार्य यंत्रणेला झेपले नाही ते अखेर वांगी पिकवणाऱ्या डोमाजींच्या मुलीने, वर्षालीने, हाती घेतले, हे नोंदवणे मला कर्तव्य वाटते.

वर्षालीने स्थापत्याची पदविका घेतली आणि आपल्याकडे अशा पदविकेचे जे होते तेच तिचेही झाले. सिंदी मेघे येथील एका दुकानात ती घरांच्या नावाच्या पाट्या आणि स्पर्धांची स्मृतिचिन्हे यंत्रावर बनवते. तेथे थ्रीडी प्रिंटर आहे. मालक धीरज हा पक्का व्यवहारी गृहस्थ. तरी यंत्र रिकामे असेल तेव्हा वापरण्याची मुभा त्याने दिली, एवढे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

देवळाच्या आवारात पडलेल्या प्रत्येक कोरीव दगडाची तिने चहूबाजूंनी मोबाइलवर छायाचित्रे घेतली. संगणक त्यांतून दगडाचा आकार घडवी आणि ती ते आकार पडद्यावर फिरवून एकमेकांशी जुळवून पाही. छतात चुना नाही, खिळा नाही; चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरपे दगड, त्यांच्यावर पुन्हा तिरपे, असे करत मधली पोकळी मिटत जाते, हे तिला उमगले.

मात्र अवधी थोडा होता. मंदिर समितीचे अध्यक्ष रूपराव यांनी सिमेंटचा स्लॅब टाकण्याचे ठरवले होते. लोखंड येऊन पडले होते. स्लॅब झाला की कोरीव दगड भरावात जाणार, यात शंका नव्हती. जुनेच छत पुन्हा उभे राहू शकते, हे समितीच्या सभेत दाखवून देण्याची एकच संधी वर्षालीला मिळाली. तिने दगडांच्या छोट्या प्रतिकृती छापायला घेतल्या; शेवटचे तुकडे सभेच्या दिवशी सकाळी यंत्रातून निघाले. आधी रचून पाहायला वेळ उरला नाही.

सभा नेहमीप्रमाणे लिंबाखालच्या ओट्यावर भरली. वर्षालीने तळहाताएवढे पांढरे तुकडे सर्वांसमोर रचले. दुसऱ्या थराला सगळे आत कोसळले. तिने पुन्हा रचले, पुन्हा तेच.

"कंप्युटरात तं लय मजबूत होतं म्हने," रूपराव म्हणाले. "आता स्लॅबले हो म्हन, पोरी."

सभा हसली. पडद्यावरच्या दगडाला वजन नसते, हे तोवर कोणाच्याच ध्यानी आले नव्हते. वर्षालीने मान वर केली नाही. एक तुकडा ठेवावा, तो आत झुकू लागताच काढावा, असे ती करत राहिली. मग तिने त्याच्या मागच्या टोकावर बोट टेकवले. तुकडा थांबला.

"काका, मांगून दाबाले वर दगड असतीनच," ती म्हणाली. "साधे, बिननक्षीचे. मले आवारात एकई नाई भेटला. कुठी गेले थे?"

भाजी विकून परतताना टोपली टेकवून बसलेल्या शालूबाई हसू लागल्या.

"कुठी गेले काय पुसतं व माय. आपन बसून राह्यलो न त्याच्यावर."

नक्षी असलेले तेवढे देवाचे आणि साधे ते गावाचे, या समजुतीने शालूबाईंच्या सासऱ्यांच्या पिढीने ते दगड बैलबंडीतून आणून हा ओटा बांधला होता. रूपराव नकळत उठून उभे राहिले.

वर्षालीने ओट्याखालचे गोटे वेचून प्रत्येक तुकड्याच्या मागच्या टोकावर ठेवले. थरावर थर चढला, पोकळी मिटली. रूपरावांनी वरून तळहाताने दाबून पाहिले, जरा जोरानेच. छत हलले नाही.

"लोखंड शाळेच्या भिंतीले देऊन टाका," ते म्हणाले.

ओटा उकलणे सुरू झाले आहे. निघालेल्या दगडांवरचे पानाचे डाग शालूबाई घासून काढतात आणि मग वर्षाली त्यांची छायाचित्रे घेते. जाणता मिस्त्री अद्याप मिळालेला नाही. क्रेनसाठी पुलगावला बोलणे झाले आहे. सभा तूर्त सतरंजीवर भरते. रूपरावांच्या गुडघ्यांना ते मानवत नाही, पण ते येतात.