मंगळवारचं स्टूल

लेले बाई गेल्या ही बातमी आली तेव्हा मी लेले बाईंच्याच आवाजात बोलत होतो. मंगळवार होता. कँटीनबाहेर ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या दोन बादल्या, शेजारी त्यांचं लाकडी स्टूल, त्यावर मी. कॉमर्सच्या एका पोराला म्हणत होतो, "अहो, आपलं काहीतरी राहिलं," आणि ओल्यातून काढलेलं त्याचं वेफर्सचं पाकीट त्याच्यापुढं धरलं होतं. पोरं हसत होती. तेवढ्यात कँटीनचे सुरेशअण्णा फडक्याला हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, बाई सकाळी गेल्या. त्या पोरानं पाकीट घेतलं, गुपचूप सुक्यात टाकलं. मी बाईंसारखी मान वाकडी करून, नसलेल्या चष्म्यावरून बघत होतो, तसाच बघत राहिलो... चेहरा जागेवर कधी आला ते आठवत नाही.

बाई आमच्या कॉलेजात बॉटनी शिकवायच्या. मी आर्ट्सचा, करमाळ्याहून आलेला, त्यामुळं त्यांच्या वर्गात कधी बसलो नाही. आमची ओळख बादलीपाशी झाली. कँटीनमागच्या कोपऱ्यात त्यांनी खताचे दोन खड्डे केले होते. कँटीनचं उष्टं, भाजीची देठं, आवारातला पाला, सगळं त्यात जायचं आणि खत होऊन आवारातल्याच झाडांना मिळायचं. त्या कोपऱ्यावर पार्किंगवाल्यांचा डोळा होता. प्राचार्यांनी बाईंना जागा दिली ती एका अटीवर, वास आला की खड्डे बुजवायचे. आणि ओल्यात प्लास्टिक गेलं की खत होत नाही, नुसतं सडतं. म्हणून बाई मधल्या सुट्टीत शनिवार पेठेतल्या घरून आणलेलं ते स्टूल टाकून बसायच्या. ओरडायच्या नाहीत. चुकीच्या बादलीत काही पडलं की हात घालून काढायच्या, त्या मुलामागं चालत जायच्या, वेळ पडली तर गेटपर्यंत, आणि एखाद्याचा पडलेला रुमाल द्यावा तशा अदबीनं ते परत द्यायच्या. "अहो, आपलं काहीतरी राहिलं." मला पहिल्याच आठवड्यात माझा प्लास्टिकचा कप मिळाला. लायब्ररीत, सगळ्यांसमोर. "धुऊन आणलाय," बाई म्हणाल्या.

मला नकला येतात. शाळेत हेडमास्तरांची केली म्हणून मार खाल्लाय आणि एसटीच्या कंडक्टरची केली म्हणून फुकट पेरू. गॅदरिंगला बाईंची केली. हॉल पडायचा बाकी होता, आणि बाई पहिल्या रांगेत, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. मला वाटलं, संपलं आपलं. बाई म्हणाल्या, "मान जास्त वाकडी करता. बाकी ठीक. मंगळवारी मला बाहेर काम असतं, तेव्हा तुम्ही बसत जा." मी म्हटलं, बाई, मला कोण घाबरणार? "तुम्हाला नाहीच घाबरणार. मला घाबरतील." तेव्हापासून दर मंगळवारी मी लेले बाई. काम कसलं हे विचारलं नाही. बँक असेल, भिशी असेल, असं वाटायचं. बुधवारी त्या यायच्या आणि विचारायच्या, काल मी कशी होते? मी सांगायचो, जरा जास्तच खवट होता. त्या समाधानानं मान हलवायच्या. हळूहळू त्यांचा आवाज बारीक होत गेला, डोक्याला स्कार्फ आला... मी स्कार्फचीही नक्कल केली. त्यांनी तीही दुरुस्त करून दिली. "गाठ मागं नाही, बाजूला."

शोकसभेत पोरं म्हणाली, बाईंच्या आवाजात दोन शब्द बोल, सगळ्यांना बरं वाटेल. माइकसमोर उभा राहिलो. आवाज आला नाही. बाईंचाच काय, कुणाचाच नाही. रडूही आलं नाही. वरच्या पंख्याकडं बघत राहिलो आणि खाली उतरलो. आईचा फोन आला, जेवलास का? जेवलो म्हटलं. काय जेवलास विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. इकडं स्टूल भिंतीला लागलं. दोन्ही बादल्यांत सगळंच पडायला लागलं, बादल्या तशाच खड्ड्यात रिकाम्या व्हायला लागल्या. थोड्या दिवसांनी अण्णा म्हणाले, मागं वास मारतोय. मग ऑफिसातला माणूस टेप घेऊन आला आणि कोपरा मोजून गेला. मला दिसत होतं, कळतही होतं. जागचं उठवत नव्हतं.

एका दुपारी लेले काका आले. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. अण्णांनी माझ्याकडं बोट दाखवलं. काका म्हणाले, "स्टूल आमचं आहे. कोणी बसत नसेल तर नेतो." त्यांनी स्टूल उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "मंगळवारवाले तुम्हीच ना?" मी मान हलवली. मग त्यांनी सांगितलं, की मंगळवारी दवाखान्यात बाईंच्या हाताला सलाईन लागायचं, तासन्‌तास नुसतं पडून राहायचं. मधल्या सुट्टीची वेळ झाली की बाई घड्याळ बघायच्या.

"म्हणायची, आत्ता मी कँटीनपाशी आहे. तिथं माझा आवाज बरा असतो."

मी स्टुलावर बसलो. ठरवून वगैरे नाही, पाय दुखत होते. समोर एका मुलीनं ओल्यात प्लास्टिकचा चमचा टाकला. हात घातला, काढला, तिच्या मागं गेलो. बाईंचा आवाज येईल म्हणून तोंड उघडलं, आला तो करमाळ्याचा. "ओ, तुमचं कायतरी राहिलं." कोणी हसलं नाही. तिनं चमचा घेतला. परत आलो तर काका तिथंच उभे होते. "मान वाकडी नाही केलीत," ते म्हणाले, आणि स्टूल न घेता गेले.

खड्ड्यांतलं प्लास्टिक आम्ही चार पोरांनी उपसून काढलं. वास अजून पुरता गेलेला नाही. टेपवाला परत आलेला नाही, येईलही. बाकीचे दिवस मी बसतो, नाहीतर बॉटनीचं कोणीतरी. मंगळवारी काका येतात. मी म्हटलं होतं, काका, मंगळवार माझाच आहे, तुम्ही कशाला एवढ्या उन्हाचं येता... ते पिशवीतल्या फडक्यानं स्टूल पुसत म्हणाले, "मंगळवारी मला आता काही काम नसतं."

ते एक शब्द बोलत नाहीत. चुकीचं काही पडलं की काढतात, मागं चालत जातात, नुसतं पुढं धरतात. पोरं घेतात. मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आधी ते एकदा घड्याळ बघतात, आणि स्टूल बादल्यांच्या जरा जवळ सरकवून घेतात.