साकवापर्यंत जाणारी गाडी

जुन्या पेट्रोलचा वास गळून पडलेल्या काजूच्या बोंडूसारखा असतो: आधी गोडसर, मग आंबूस, आणि शेवटी घशात उतरून बसणारा. नारळाच्या सोडणांच्या राशीमागे दोन पावसाळे उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या टाकीचे झाकण वडिलांनी उघडले, तेव्हा तो वास सगळ्या मांगरात, परसातल्या त्या अडगळीच्या खोपीत, पसरला. अजूनही एखाद्या बंद खोलीत तसा आंबूसपणा जाणवला, की मला ती दिवाळीची सुट्टी आठवते.

त्या वर्षी मी आचऱ्याच्या हायस्कुलात मराठी शिकवायला नुकतीच लागले होते. आमचे घर मात्र दूर, कट्टा गावाजवळ. पहिली एसटी आचऱ्याला पोहोचायची, तेव्हा प्रार्थना संपून वर्गांत हजेरी सुरू झालेली असायची. मुख्याध्यापकांनी पहिले सत्र सहन केले. सुट्टी लागताना मात्र त्यांनी मला बोलावून शांतपणे सांगितले, "सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी तुम्ही प्रार्थनेला उभ्या दिसला नाहीत, तर मला दुसरी शिक्षिका पाहावी लागेल." आचऱ्यात खोली घेऊन एकटीने राहण्याला आईची साफ ना होती. उरली ती मांगरातली मोटारसायकल. ती चालवायला वडिलांनी मला कापणी झालेल्या मळ्यात पूर्वीच शिकवले होते, परवानाही काढून दिला होता; पण तेव्हा ती हौस होती.

वडिलांचे आयुष्य आगबोटींच्या इंजिनखोलीत गेले. तिथली उतरंड आम्हा घरच्यांना पाठ होती: भट्टीत कोळसा लोटणारा आगवाला, त्याच्यावर यंत्रांना तेल देणारा तेलवाला, आणि साऱ्यांवर हुकूम चालवणारा सारंग. वडील तेलवाला म्हणून घरी परतले. सारंग ते कधी झाले नाहीत. इंजिनखोलीने त्यांचे कान मात्र ठेवून घेतले. मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा एकदा ऐकू आला नाही, आणि त्या दिवसापासून गाडी मांगरात गेली.

"तू आगवाला," माझ्या हातात फडके देत ते म्हणाले.

"आणि तुमी?" मी बोट दाखवून विचारले.

"मी तेलवाला. सारंगाची जागा खाली आसा. आणि आगवाल्यान प्रश्न इचारूचे नसतत."

मी जुने पेट्रोल काढून टाकले. इंजिनातले ऑइल उतरवले, तर ते दमट हवेने दुधाळ झालेले. ताज्या ऑइलचा मधासारखा रंग ऑइल मोजायच्या पळीच्या खुणेपर्यंत चढलेला पाहून मला उगाच समाधान वाटले. प्लग तारेच्या ब्रशने घासला. ठिणगी पाडणाऱ्या इवल्या टिकल्यांवर खाऱ्या वाऱ्याने पांढरी साय धरली होती; ती पॉलिश पेपरने उतरवली, आणि मांगराच्या अंधारात प्लगच्या टोकाला निळी ठिणगी उडाली. मी टाळी वाजवली. आई दारात येऊन उभी होती.

"चेडवाच्या हातार मेंदी काढूची सोडून ऑइल फासतास?"

"काय म्हणता ती?" वडिलांनी मला विचारले.

"चाय होयी काय इचारता," मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"होयी म्हणान सांग."

आई माझ्याकडे रोखून पाहत राहिली, मग पदराआड हसत चहा टाकायला गेली.

इंजिनाच्या कुशीतले लहान झाकण काढल्यावर आत दोन बारीक पोलादी काठ्या दिसल्या. झडपा उघडण्याचे काम त्यांचे. इंजिन थंड असताना त्या चिमटीत फिरल्या पाहिजेत, पण वरखाली तसूभरही हलता कामा नयेत. "वात वळतंस ना, तशी फिरव," वडील म्हणाले. मी डोळे मिटले. देवासमोर बसून कापसाच्या वाती वळताना बोटांना जे कळते, तेच इथे कळत होते: कुठे पीळ घट्ट, कुठे सैल. चार वेळा नट सोडून आवळल्यावर काठी बोटांत तुळतुळीत फिरली.

तिसऱ्या किकला गाडी जागी झाली. वडिलांनी स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ दातांत धरली, टोक इंजिनावर टेकवले आणि डोळे मिटून ऐकू लागले. कानांनी सोडलेले काम दातांनी उचलले होते. "बरा वाजता," ते म्हणाले. मी गाडी बाहेर काढली, वहाळावरच्या साकवापर्यंत गेले, आणि पुलावर चढताच ती धापा टाकत बंद पडली.

वडील चालत आले. झाकण उघडून पेट्रोल पाहिले, ते भरपूर होते. झाकण लावले, किक मारली, गाडी सुरू झाली. घरी येईपर्यंत पुन्हा बंद. दुसऱ्या दिवशी आम्ही कार्बोरेटर धुतला, प्लग नवा घातला. गाडी साकवापर्यंतच गेली. तिसऱ्या दिवशीही साकवापर्यंतच. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारले, "काय गो, शाळा साकवार इली काय?"

शाळा उघडायला दोन दिवस उरले, तेव्हा वडिलांनी गोणपाट अंथरले आणि मोठे पाने मांडले. आता इंजिन उघडायचे. त्यातला एक गॅस्केट फाटला तर नवा कुडाळातही लगेच मिळाला नसता, आणि माझी नोकरी त्या गोणपाटावरच संपली असती. ते पाने पुसत असताना मी एकटीच गाडीजवळ गेले. ती नुकतीच साकवावरून ढकलत आणली होती. भोवती अगदी शांत होते. मी टाकीचे झाकण फिरवले.

स्स्स.

दीर्घ, बारीक, कुणी पाण्याखालून वर येऊन पहिला श्वास घ्यावा तसा. टाकी हवा आत ओढत होती! म्हणजे इतका वेळ तिला हवा मिळत नव्हती, आणि हवा मिळाल्याशिवाय पेट्रोल खाली उतरणार कसे? प्रत्येक वेळी झाकण उघडले, की ती एक श्वास घेई आणि तेवढ्यावर साकवापर्यंत जाई. हा आवाज लोखंडातला नव्हता, हवेतला होता. वडिलांच्या दातांना तो कसा कळावा?

मी धावत जाऊन त्यांचा पाना धरलेला हात धरला.

"आगवाल्यान..." त्यांनी सुरुवात केली.

मी झाकण त्यांच्या ओठांना लावले आणि फुंकर मारण्याची खूण केली. त्यांनी फुंकले. गाल फुगले, वारा पलीकडे गेला नाही. मी केसांतला आकडा काढून झाकणाच्या मधल्या इवल्याशा भोकात घातला. काळपट मेणाची एक गोळी माझ्या तळव्यावर पडली.

वडील तिच्याकडे पाहत राहिले. मग कपाळावर हात मारून जमिनीवरच बसले.

"ह्या मियाच भरलंय गो! पावसाचा पाणी टाकीत जाव नये म्हणान." आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

त्या संध्याकाळी साकव माझ्या चाकांखालून कधी गेला ते मला कळलेही नाही. मी मसुऱ्याचा चढ चढून वर गेले आणि न थांबता परत आले. कुंपणाजवळ काकू उभ्या होत्या. मी भोंगा वाजवला, जरा जास्तच लांब.

पहिल्या दिवशी आईच्या आग्रहाने वडील मागे बसले. मी पाचवारीचा पदर कमरेला घट्ट खोचला होता. भातकापणीनंतरच्या मळ्यांचा सुका, गोड वास, मग खाडीचा मचूळ वारा, मग आचऱ्याच्या माडांची सावली. वडिलांनी हात माझ्या खांद्यावर नव्हे, सीटखालच्या लोखंडावर ठेवला होता. तिथून त्यांना इंजिन ऐकू येत असावे. शाळेच्या फाटकात मी गाडी थांबवली, तेव्हा मुले अजून रांगा धरत होती. मुख्याध्यापक पायरीवर उभे होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिले, मोटारसायकलकडे पाहिले, आणि चष्मा काढून पुसला.

घंटा झाली. वडिलांना ती ऐकू आली नव्हती. मी हाताने टोल दिल्याची खूण केली. त्यांनी मान डोलावली. आता ते स्टँडवर थांबून, मी रोज जिने उशिरा येत असे त्याच एसटीने घरी परतणार होते. दोन पावले जाऊन ते वळले, ताठ उभे राहिले, उजवा हात कपाळाला लावला, आणि आपला आवाज किती मोठा आहे याची कल्पना नसलेल्या माणसाच्या खणखणीत स्वरात, भरल्या शाळेसमोर मला म्हणाले,

"सारंग!"