अण्णांचा उजवा हात

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला आणि पेनाचे टोक एका जागी गोल फिरवले. "नेक ऑफ फीमर. इथून तुटलंय."

नेक ऑफ फीमर म्हणजे मांडीच्या हाडाचा वरचा निमुळता भाग. त्याच्या टोकावरचा गोळा खुब्याच्या खोबणीत बसतो. हा भाग तुटला की गोळ्याचा रक्तपुरवठा बहुधा थांबतो, आणि उतारवयात हाड पुन्हा जुळण्याची आशा फारशी राहत नाही. डॉक्टर हे सर्व शांतपणे समजावून सांगत होते आणि मी मान डोलावत होतो. खरे सांगायचे तर त्या क्षणी मी वडिलांच्या हाडाचा विचार करत नव्हतो. मी धनराजशेठच्या हाडांचा विचार करत होतो.

मी छप्पन्न वर्षांचा आहे आणि शाळेत गणित शिकवतो. आवाज चढवून बोलल्याचे मला आठवत नाही. माझ्या मनात इतका विखार साठू शकतो, हे मला त्या आजारपणाने दाखवले. ज्यांच्या घरात वृद्ध माणूस पडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. त्यातला विखार वगळून लिहिले असते तर ते अर्धवट झाले असते.

आमचे वडील, अण्णा, तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. रोज सकाळी लोधीपुऱ्यातल्या घरून बहादरपूरच्या रस्त्यावरील आमच्या केळीच्या मळ्यापर्यंत ते सायकलने जात आणि उन्हे चढण्याआधी परतत. सायकल काळी, दांड्याची, जड. मागच्या कॅरियरला विळा आणि जुन्या ट्यूबची पट्टी बांधलेली. त्यांना साखर नव्हती, रक्तदाब नव्हता. ते मात्र कधी 'व्यायाम करतो' असे म्हणाले नाहीत.

मळ्याच्या वाटेला लागण्यासाठी रस्ता ओलांडून उजवीकडे वळावे लागते. समोरच धनराजशेठचे केळी पिकवण्याचे गोदाम आहे. त्या सकाळी अण्णांनी उजवा हात बाहेर काढला आणि ते वळू लागले. मागून आलेल्या जीपने त्यांना उडवले. ते डाव्या अंगावर पडले. जीप स्वतः धनराजशेठ चालवत होता. तो खाली उतरला, त्याने आधी जीपचा पुढचा पत्रा पाहिला आणि म्हणाला, "या उमरमध्ये सायकल चालवायचीच कशाला?" मग तो जीप घेऊन गोदामात गेला. हे मला मळ्यातल्या मजुरांनी सांगितले. त्यांनीच अण्णांना केळीच्या वाळल्या पानांच्या गादीवर निजवले आणि छोट्या टेम्पोतून घरी आणले, घड वखारीला नेताना डाग पडू नये म्हणून जसे हळू नेतात तसे.

इथे आमच्या हातून एक चूक झाली. आमच्या भागात पडलेल्या माणसाला आधी 'मुका मार' म्हणतात आणि मग मालीशवाल्याला बोलावतात. आम्हीही बोलावले. त्याने कोमट तेल लावून खुबा चोळला आणि एरंडाची पाने शेकून बांधली. अण्णा दात आवळून पडून राहिले. त्यात एक पूर्ण दिवस गेला. नंतर मला कळले की पडलेल्या वृद्धाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेर वळले असेल, तर चोळू नये, उभे करू नये, थेट एक्स-रे काढावा. अण्णांचे पाऊल बाहेर वळलेले होते. मी ते पाहिले होते. मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

शस्त्रक्रियेपूर्वी 'फिटनेस' लागते, म्हणजे भूल सोसण्याइतकी प्रकृती ठीक असल्याचा फिजिशियनचा निर्वाळा. त्यासाठी टूडी इको केला. ही हृदयाची सोनोग्राफी असते. हृदय प्रत्येक ठोक्याला किती जोराने रक्त पुढे ढकलते, हे तिच्यात दिसते. फिजिशियन पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"काका, एक्सरसाइज काय करता?"

"काहीच नाही."

"मग हे हार्ट असं कसं?"

"मले काय माहीत? आत तर तुम्हीच पाहू राहिले."

"हे रोज सायकल चालवतात," मी म्हणालो.

"ती तर मळ्यात जायासाठी आहे," अण्णा म्हणाले. "एक्सरसाइज थोडी आहे ती."

डॉक्टर हसले. "जे काय असेल ते. त्याच्यामुळेच उद्या ऑपरेशन करता येतंय."

ऑपरेशनचे नाव हेमिआर्थ्रोप्लास्टी. तुटलेला गोळा काढून त्याच्या जागी धातूचा गोळा बसवतात, खोबणी मात्र स्वतःचीच राहते. ते चालू असताना मी बाहेरच्या लोखंडी बाकावर बसलो होतो. शेजारी कोणी जप करत होते, कोणी फोनवर नातेवाइकांना रस्ता सांगत होते. मी धनराजशेठला उद्देशून वाक्ये रचत होतो. एक रचायचे, ते सौम्य वाटले की खोडायचे आणि अधिक धारदार करायचे. त्याला न्यायालयात आरोपीच्या कठड्यात उभे केले आहे, त्याचा पांढरा सदरा घामाने भिजला आहे, असे चित्र मी पुन्हा पुन्हा रंगवले. दार उघडून डॉक्टर "छान झालं" म्हणाले, तेव्हा मला क्षणभर ते कशाबद्दल बोलत आहेत हेच उमगले नाही.

धनराजशेठ वॉर्डात भेटायला आला. सोबत सफरचंदांची पिशवी होती. आमचे पाच-सहा नातेवाईक खाटेभोवती उभे होते.

"काका, मी तर तुमच्या पोरासारखा," तो म्हणाला. "पण तुम्हीच सांगा, ही काय सायकलची उमर आहे? आणि कमीत कमी हात तर दाखवायचा होता ना."

"दाखवला होता," अण्णा म्हणाले.

"नाही काका, नाही दाखवला. जाऊ द्या आता. सेब खा."

आमच्या नातेवाइकांनी माना हलवल्या. माझे सख्खे मामेभाऊ म्हणाले, "शेठ काही खोटं नाही सांगू राहिले, अण्णा. सायकल भंगारात काढा आता." अण्णांनी तोंड भिंतीकडे वळवले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे म्हणणे असे किती सहज बाजूला सारले जाते, ते मी त्या दिवशी पाहिले. पाय मोडल्यावरही न विव्हळलेल्या माणसाचा शब्द तिथे, सर्वांदेखत मोडला गेला. मी मात्र शेठला दारापर्यंत पोचवायला गेलो आणि सवयीने त्याला नमस्कार केला. तो नमस्कार मला अजून डसतो.

त्याच संध्याकाळी मी वकिलांकडे गेलो आणि शेठविरुद्ध खटल्याची तयारी सुरू केली.

घरी आल्यावरचे नियम असे होते. मांडी घालायची नाही. जमिनीवर बसायचे नाही. कमोड उंच हवा. खाली वाकून वहाण उचलायची नाही. झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी. नवा गोळा खोबणीतून निसटू नये म्हणून हे सारे. आयुष्यभर जमिनीवर मांडी घालून जेवलेल्या माणसाला टेबलाशी बसवणे किती अवघड असते, ते अनुभवाशिवाय कळत नाही. "पाहुण्यासारखं वाटते माझ्याच घरात," अण्णा म्हणत. आधी वॉकर, मग काठी. फिजिओथेरपिस्ट बाई त्यांना उंच सीटच्या, जागीच फिरणाऱ्या सायकलवर बसवत. तिच्यावर ते नाखूश होते. "एवढे पायडल मारले तर आतापर्यंत फोपनारला पोचलो असतो, बाई. इथं तुमची भिंतच पाहू राहिलो."

दरम्यान वकिलांनी मला एक सल्ला दिला होता. "सर, कायद्याने फ्रॅक्चर ते फ्रॅक्चरच. पण म्हातारा टुणटुणीत दिसला, की समोरच्याचा वकील म्हणणार, बघा, झालं काय? तारखेला काका वॉकरवर आले पाहिजेत. आणि सायकल? सायकलचं तर नाव नको. समोरच्यांनी एक फोटो काढला की संपलं."

पुढच्या तपासणीला अण्णा फिजिओथेरपीच्या खोलीत असताना डॉक्टरांनी मला नवा एक्स-रे दाखवला. "मस्त बसलाय. स्नायूही चांगले भरलेत. आता हळूहळू रस्त्यावर सायकल चालेल. दांड्याची नको, पाय वरून टाकावा लागतो. लेडीज सायकल, सीट उंच, आणि सुरुवातीला कोणीतरी सोबत."

अण्णा काठी टेकत बाहेर आले. त्यांनी काही विचारण्याआधी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत काय होते, ते मला नीट दिसले होते.

"अजून नको म्हणाले," मी सांगितले.

"केव्हा मग?"

"बघू म्हणाले."

घरी आल्यावर अण्णांनी काळ्या सायकलवर जुने धोतर पांघरले. त्यानंतरचे कित्येक दिवस ते ओट्यावर बसून राहिले. जेवण कमी झाले. फिजिओथेरपीला जायचे त्यांनी टाळले. पत्नी म्हणाली, "अण्णांचं काहीतरी बिनसलंय हो." मी म्हणालो, "वय आहे." हे शब्द उच्चारताच मला जाणवले की ते धनराजशेठचे आहेत. तरीही मी खरे काय ते सांगितले नाही. तारीख जवळ होती आणि मला कठड्यातला तो भिजलेला सदरा हवा होता.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी अण्णांना समोर बसवले.

"काय काका, सायकल सुरू केली ना?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी टेबलावरच्या प्लास्टिकच्या सांगाड्याकडे पाहत होतो.

"नाही केली?" डॉक्टर म्हणाले. "मी तर मागच्या वेळीच सांगितलं होतं. उलट पाय थोडा मागे आलाय तुमचा. असं बसून राहिलात तर जे कमावलंय तेही जाईल."

घरी ओट्यावर बसल्यावर अण्णांनी काठी बाजूला ठेवली.

"तू माझ्याशी खोटं बोलला."

"अण्णा, वकील म्हणाले..."

"वकिलाचं सोड. तुले काय पायजे, ते सांग. माझा पाय चालता पायजे, का तो जेलमध्ये पायजे?"

माझ्याकडे उत्तर होते, आणि ते उच्चारण्यासारखे नव्हते. मी त्यांच्या पायांशी खाली बसलो. त्यांना वाकायला मनाई होती, म्हणून ते मला उठवू शकले नाहीत.

"तुले वाटते, मले राग नाही?" ते म्हणाले. "तुझ्यापेक्षा जास्ती आहे. त्यानं सगळ्यांसमोर मले खोटं पाडलं. पण माझा हिशेब मी चुकवीन. रस्त्यावर. तू मधी येऊ नको. सायकल आण."

सायकल एकच होती दांड्याशिवायची, माझ्या मुलीची. गुलाबी रंगाची, पुढे जाळीची टोपली. अण्णांनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"याच्यावर तर मी भाजीवाली दिसीन."

"आजोबा, घंटी भारी आहे तिची," मुलगी म्हणाली.

त्यांनी वाजवून पाहिली. "हां. घंटी चालेल."

आधी गल्लीत, मी कॅरियर धरून. मग शाळेच्या मोकळ्या मैदानावर. मग एका सकाळी ते लोधीपुऱ्यातून बाहेर पडले. मी त्यांच्या काळ्या सायकलवर मागे होतो आणि पहिल्याच चढाला मला धाप लागली. अण्णा मागे न पाहता म्हणाले, "ये हळू हळू. तुझी तर आता उमर झाली."

गोदामासमोर केळीचे घड चढवले जात होते. धनराजशेठ जीपमध्ये बसून नेमका बाहेर निघत होता. आम्हाला पाहून तो थांबला नाही. रस्त्याला लागून आमच्या मागे आला. अण्णांनी बरेच आधी घंटी वाजवली, मान वळवून जीपकडे नीट पाहिले आणि उजवा हात बाहेर काढला. पूर्ण ताणलेला, बोटे उघडी. वेग कमी करून, अगदी आरामात, ते रस्ता ओलांडू लागले. जीपला ब्रेक लावावाच लागला. घड चढवणारे मजूर थांबून पाहू लागले. त्यांच्यातला एक ओरडला, "शेठ, हात दिसला का?"

बाकीचे हसले. धनराजशेठने काच वर केली.

मी खोटे लिहिणार नाही. मला जो आनंद झाला, तो वडील बरे झाल्याच्या आनंदाहून वेगळा होता, आणि तितकाच मोठा होता.

न्यायालयातला खटला अजून चालू आहे. तारखेला अण्णा वॉकरशिवाय गेले आणि काठीही दाराशी ठेवून उभे राहिले. वकिलांनी कपाळाला हात लावला. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. मी धनराजशेठला क्षमा केलेली नाही. करीन असेही वाटत नाही. पण आता त्या सुडाची किंमत मी वडिलांच्या पायातून मोजणार नाही, एवढे मला कळले आहे. ज्यांच्या घरात असा प्रसंग आहे, त्यांना एवढेच सांगतो की राग येईल, तो येऊ द्या. मात्र रुग्णाला त्याचा पुरावा करू नका.

सर्जन, फिजिशियन, रोज न चिडता अण्णांची कुरकूर ऐकणाऱ्या त्या फिजिओथेरपिस्ट बाई आणि पानांच्या गादीवर त्यांना घरी आणणारे मळ्यातले मजूर, या सर्वांचा मी ऋणी आहे. माझ्या मुलीने सायकल परत मागितलेली नाही.

अण्णा आता रोज जातात, आणि मीही जातो. घरून निघण्याची वेळ त्यांनी थोडी बदलली आहे. शेठची जीप गोदामातून निघण्याच्या वेळेलाच ते वळणावर पोचतात. जीप थांबते. अण्णा हात काढतात, हळू हळू रस्ता ओलांडतात, आणि सायकल मळ्याच्या वाटेला लागून केळीत शिरली तरी तो हात आत घेत नाहीत.