सुधारलेल्या माणसाची दवंडी

सुटून आलेले कैदी पुन्हा गुन्ह्याकडे वळू नयेत, यासाठी सरकारला सल्ला द्यायला दारव्ह्यात एक समिती नेमली होती. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतरच्या त्या वर्षांत मी गावोगाव पत्रकं वाटत फिरायचो. आमच्या वस्तीतला एक शिकलेला हवा, म्हणून मलाही घेतलं. पहिल्या बैठकीत मी तापून बोललो. गुन्हेगार जन्मत नाही, घडवला जातो, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा आला. पुढच्या बैठकांतही तेच. हळूहळू मी चहाचीच वाट बघू लागलो.

अशात बैलचोरीची शिक्षा भोगून एक जण सुटला. कुणाच्या मदतीशिवाय त्यानं एका जिनिंग कारखान्यात कापसाच्या गंज्या रचायचं काम धरलं. तुरुंगाचं मालकाला ठाऊक नव्हतं.

समितीला मात्र समाजाचं मन बदलायचं होतं. आमचे अध्यक्ष, एक निवृत्त मामलेदार, म्हणाले, "बाजाराच्या दिवशी दवंडी देऊ. हा माणूस सुधारला आहे, याला कुणी चोर म्हणू नये."

"त्याला विचारलंत?" मी म्हटलं.

"त्याच्याच भल्याचं आहे. त्यात विचारायचं काय?"

मी विरोध नोंदवायला सांगितला. तो नोंदवला गेला, आणि दवंडी ठरली.

दीक्षेनंतर आमच्या लोकांनी दवंडीचं काम सोडलं होतं, म्हणून एका शिपायाच्या गळ्यात डफडं अडकवलं. त्यानं नावगावासकट सगळ्या बाजारभर ओरडून सांगितलं. एक भाजीवाली म्हणाली, "बरं झालं बाप्पा सांगतलं. मले तं मालूमच नव्हतं का तो चोर हाय म्हून."

दुसऱ्या दिवशी मालकानं त्याला फाटकावरूनच परत पाठवलं. तो सरळ माझ्याकडे आला. मी संतापानं अर्ज लिहायला बसलो.

"राहू द्या भाऊ," तो म्हणाला. "तुमी मानसं चांगले हा. पन आता माह्यं भलं नका करू."

"मग करणार काय तू?"

"उमरखेडले चाल्लो. माहा साळा हाय तिकडं, काम पाहून देते म्हनला. फक्त कमिटीले सांगू नका. नाहीतं ते लोकं तिथंबी डफडं वाजवतीन."

तो हसला. मला हसू आलं नाही.

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी आपुलकीनं विचारलं, "आपला तो माणूस कुठं असतो सध्या?"

"ठाऊक नाही," मी म्हटलं.

तत्त्वाचा माणूस म्हणून माझी थोडी ख्याती होती. कुणी पुन्हा विचारलं नाही.